मंडई विद्यापीठ ते लायडन विद्यापीठ

(स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण. बोलताना झालेली पुनरुक्ती तेवढी काढली आहे.)



आयोजकांनी मला विषय दिलाय, ‘माझे परदेशातील विद्यापीठ’. वेळ दिलाय वीस मिनिटं. घंटा पी.टी.च्या सरांच्या हातात आहे, त्यामुळे वेळ पाळावीच लागणार. तीस वर्षं झाली तरी सरांनी शिट्टी नुसती तोंडाजवळ नेली की माझी पाठ आपोआप ताठ होते.

विद्यापीठाबद्दल सांगतेच. पण आधी एक गोष्ट कबूल करून टाकते, कारण हे भाषण स्मरणिकेत छापलं जाणार आहे. दहा वर्षांपूर्वीच्या आपल्या मेळाव्याच्या पुस्तिकेत माझ्या नावापुढे छापलंय, ‘शिष्यवृत्तीवर हॉलंडला जाऊन कायद्याची उच्च पदवी’. ते चूक आहे. छापणाऱ्यांची चूक नाही. मला फोनवर विचारलं होतं, ‘स्कॉलरशिप ना?’ आणि मी ‘हो’ म्हटलं होतं. ‘हो’ म्हणणं सोपं होतं. खरं काय ते शेवटी सांगते. त्यासाठी मंडईतून निघून लायडनला जाऊन परत यावं लागेल.

आपल्या वर्गात निम्मी मुलं मंडईच्या आसपासची. शाळा सुटली की तुळशीबागेतून, बाबू गेनू चौकातून, वाटेत चिंचा-बोरं खात घरी. माझं घर म्हणजे संध्याकाळी सातपर्यंत गाळा. अण्णांचा कांदा-बटाट्याचा गाळा. तागडीच्या मागे, गोणीवर बसून मी गृहपाठ केलाय. भूगोलाच्या सरांना आठवत असेल, माझ्या नकाशावहीला नेहमी मातीचा वास यायचा. सर म्हणायचे, ‘हिचा नकाशा अस्सल आहे, जमिनीसकट आहे.’

मंडईला पुण्यात विद्यापीठ म्हणतात हे तुम्हाला सांगायला नको. कुणाला तिकीट मिळणार, कोण पडणार, कुठल्या नगरसेवकानं काय खाल्लं, हे सगळं पेपरात यायच्या आदल्या दिवशी मंडईत ठरलेलं असतं. ना प्रवेश परीक्षा, ना फी. टिळकांच्या पुतळ्याजवळ उभं राहिलं की तास सुरू. अण्णांना कुणी शिक्षण विचारलं तर ते म्हणायचे, ‘सातवी, आणि पुढं मंडई विद्यापीठ.’

त्या अष्टकोनी दगडी इमारतीचं मूळ नाव रे मार्केट. जुनी गिऱ्हाईकं, विशेषतः कॅम्पातली, ‘रे मार्केट’च म्हणायची. हे रे कोण, हे मला शाळेत कुणी विचारलं नाही आणि मीही कुणाला विचारलं नाही. मुंबईत हार्बर लाइनवर रे रोड स्टेशन आहे, तेच हे रे. १८८५ ते १८९० या काळात मुंबई इलाख्याचे गव्हर्नर. त्यांच्या कारकिर्दीत आपली मंडई उभी राहिली. एवढं मला नंतर कळलं. उरलेलं कळायला सात हजार किलोमीटर लांब जावं लागलं.

२००४ साली मी लायडनला गेले. पुण्यात कायद्याची पदवी घेतली होती, दोन वर्षं एका वकिलांकडे ज्युनिअर म्हणून फायली वाहिल्या होत्या, आणि तिथल्या विद्यापीठाच्या एक वर्षाच्या कायद्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला होता. लायडन हे नेदरलँड्समधलं लहानसं शहर. पेठांमधल्यासारखे अरुंद रस्ते, फक्त मधोमध कालवा. सायकली इतक्या की मला जुन्या पुण्याची आठवण यायची. रापेनबुर्ग नावाच्या कालव्याच्या काठी विद्यापीठाची मुख्य इमारत आहे. मुळात ती जोगिणींच्या मठाची प्रार्थनागृहाची इमारत, १५८१ पासून विद्यापीठाकडे. आपल्याकडे त्या वेळी अकबर बादशहा होता.

विद्यापीठ त्याहूनही सहा वर्षांनी जुनं, १५७५चं. नेदरलँड्समधलं सगळ्यात जुनं. आज तिथे तीस हजारांहून जास्त विद्यार्थी आहेत. पण ते कसं सुरू झालं याची गोष्ट तिथल्या कुठल्याही पोराला विचारा, सांगेल. मला ती घरमालकिणीनं पहिल्याच आठवड्यात सांगितली.

त्या काळी तो मुलुख स्पेनच्या राजाच्या, दुसऱ्या फिलिपच्या ताब्यात होता आणि लोकांनी बंड केलं होतं. १५७४ मध्ये स्पॅनिश फौजेनं लायडनला वेढा घातला. आत धान्य संपलं. मग कुत्री, मांजरं, झाडांची पानं, कातडी. त्यात साथ आली. सुमारे सहा हजार माणसं गेली असं सांगतात, म्हणजे शहरातल्या दर तिघांतला एक. लोक नगराध्यक्षाच्या दारात आले, म्हणाले, शहर देऊन टाका. त्यानं म्हणे स्वतःचा हात पुढे केला की हा कापून खा, पण दार उघडणार नाही. खरं-खोटं कोण जाणे, पण त्याचा पुतळा तिथल्या बागेत आहे. शेवटी बंडखोरांनी समुद्राचे बांध फोडले. आपलीच शेतं बुडवली. पाणी वाढलं, वादळ आलं, आणि सपाट तळाच्या बोटी शेतांवरून वल्हवत शहरापर्यंत आल्या. स्पॅनिश सैन्य रातोरात पळालं. ३ ऑक्टोबरला बोटींमधून शहरात हेरिंग मासे आणि पांढरा पाव आला.

पुढचं मी कधी विसरणार नाही. शहरानं इतकं सोसलं म्हणून बंडाचा पुढारी विल्यम ऑफ ऑरेंज यानं लोकांना विचारलं म्हणे, काय हवं? कर माफ करू, की विद्यापीठ देऊ? लोकांनी विद्यापीठ मागितलं. ८ फेब्रुवारी १५७५ला, म्हणजे वेढा उठल्यावर चार महिन्यांत, मिरवणूक काढून विद्यापीठ सुरू केलं. गंमत म्हणजे सनद काढली ती ज्याच्याशी लढत होते त्या फिलिप राजाच्याच नावानं. कागदोपत्री राजा अजून तोच होता ना! वकील म्हणून मला हा भाग फार आवडतो.

इतिहासकार म्हणतात, हा पर्याय प्रत्यक्षात दिला होता की नाही याला पुरावा नाही. असेलही दंतकथा. पण एखादं गाव स्वतःबद्दल कुठली दंतकथा सांगतं यावरूनही काही कळतंच. मी त्याच रात्री दादाला फोन केला. दादा म्हणजे माझा मोठा भाऊ, आपल्याच शाळेचा, १९९३चा. त्याला सगळी गोष्ट सांगितली आणि विचारलं, ‘तू असतास तर काय मागितलं असतंस?’

दादा म्हणाला, ‘करमाफी. आणि तो हेरिंग आणि पाव आणणारा कोण होता? त्याचे पैसे दिले का कुणी?’

मी हसले. फोन कार्डावरची मिनिटं संपली. हा प्रश्न मात्र डोक्यातून गेला नाही.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात तिथे त्या सुटकेचा उत्सव असतो. आपल्या गणपतीसारखी गर्दी. गावातल्या जुन्या वजनकाट्याच्या इमारतीत लोकांना हेरिंग आणि पांढरा पाव वाटतात. त्या इमारतीत पूर्वी व्यापाऱ्यांचा माल तोलला जायचा. म्हणजे आपल्या तागडीचं सरकारी घरच. कच्चा मासा मला जमला नाही, तो मी मैत्रिणीला दिला आणि पाव खाल्ला. त्या दिवशी घरोघरी ‘हुत्स्पॉट’ नावाचा पदार्थ करतात. गाजर, कांदा, बटाटा उकडून घोटायचा. स्पॅनिश सैन्य पळालं तेव्हा छावणीत चुलीवर एक हंडा तसाच राहिला होता, तो एका पोराला सापडला, अशी गोष्ट आहे. गाजर, कांदा आणि बटाटा! साडेचारशे वर्षांपूर्वीच्या स्वातंत्र्याची आठवण अण्णांच्या गाळ्यावर मिळणाऱ्या तीन जिनसांची. परत आल्यावर मी घरी करून वाढला. दादानं एक घास घेतला आणि विचारलं, ‘फोडणी कुठाय?’

विद्यापीठात काय काय झालं याची यादी मोठी आहे, ती सगळी वाचत नाही. ह्युगो ग्रोशियस, आंतरराष्ट्रीय कायद्याचा पाया घालणारा, अकरा वर्षांचा असताना तिथे दाखल झाला. आपण अकराव्या वर्षी पाचवीच्या वर्गात खडू फेकत होतो. देकार्तनं तिथे नाव नोंदवलं होतं. लोरेन्ट्झ आणि झीमान यांना १९०२चं नोबेल मिळालं, आईनस्टाईन १९२०पासून तिथला पाहुणा प्राध्यापक. मला त्यातलं फारसं कळत नाही. एक मात्र सांगते, कारण मी त्या भिंतींमध्ये बसून शिकले. कामर्लिंग ओनेस नावाच्या प्राध्यापकानं १० जुलै १९०८ला हेलियम वायू थंड करत करत द्रवरूप केला. उणे २६९ अंशांपर्यंत. जगात तोवर इतकं थंड काही कुणी केलं नव्हतं. तीन वर्षांनी त्याच प्रयोगशाळेत असं दिसलं की अशा थंडीत पाऱ्यातला विजेचा विरोध एकदम नाहीसा होतो. १९१३ला त्याला नोबेल मिळालं. ती प्रयोगशाळेची इमारत मी गेले तेव्हा नुकतीच कायद्याच्या शाखेला दिली होती. या ओनेसचं ब्रीद होतं, मोजल्याशिवाय कळत नाही. दादा म्हणाला, ‘त्याला म्हणावं, मोजल्याशिवाय विकताही येत नाही.’

विद्यापीठाच्या मागे एक वनस्पतिबाग आहे, १५९०ची. युरोपातल्या जुन्या बागांपैकी एक. हॉलंडच्या ट्यूलिपचं कौतुक सगळं जग करतं. तिथे तो वाढवून दाखवला तो क्लुसियस हा याच बागेचा प्रमुख. याच विद्यापीठातला वनस्पतिशास्त्राचा प्राध्यापक, आर्नोल्ड सायन, यानं एका पुस्तकाच्या पहिल्या खंडावर टिपा लिहिल्या. ‘हॉर्टस मलबारिकस’. कोचीनचा डच गव्हर्नर व्हान रेड यानं केलेलं, १६७८ ते १६९३ या काळात ॲम्स्टरडॅमला छापलेलं, बारा खंडांचं. मलबार किनाऱ्यावरच्या झाडाझुडपांचं. ग्रंथालयात मी त्याचा पहिला खंड पाहिला आणि जागच्या जागी थबकले. चित्रात नारळ, आणि नारळाच्या नावांमध्ये एक नाव नागरी अक्षरात. पुढे पाहिलं तर नागरीत कोरलेलं एक अख्खं पत्र. रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट या कोचीनच्या तीन कोकणी वैद्यांनी कोकणी भाषेत लिहून दिलेलं, की ही माहिती आम्ही दिली आहे. शिवाजी महाराज हयात असतानाची ही अक्षरं, ॲम्स्टरडॅमच्या छापखान्यातली. अक्षर जरा वाकडं आहे. कोरणाऱ्या डच कारागिराला काय कोरतोय हे कळत नसणार. पण वाचता येतं. मी तिथे उभ्या उभ्या बाराखडी लावत वाचत होते, आणि ग्रंथपालबाई माझ्याकडे संशयानं बघत होत्या.

रे साहेब मला त्याच ग्रंथालयात भेटले. वर्गातल्या एका मुलीनं विचारलं होतं, तू पुण्यात नेमकी कुठली? मी म्हटलं, मंडईतली, जुनं नाव रे मार्केट. ती म्हणाली, रे म्हणजे कोण? मला सांगता येईना. लाज वाटली म्हणून चरित्रकोश उघडला. डोनाल्ड जेम्स मॅके, अकरावे लॉर्ड रे. घराणं मूळ स्कॉटलंडचं, पण जन्म १८३९चा, हेग शहरातला. हेग म्हणजे लायडनपासून आगगाडीनं पंधरा मिनिटं. तिथल्या संसदेचे सदस्य होते. १८७७ मध्ये ब्रिटिश नागरिक झाले. आणि शिक्षण? कायदा. लायडन विद्यापीठ.

माझी काय अवस्था झाली असेल बघा. ज्या माणसाच्या नावाच्या इमारतीत गोणीवर बसून मी पाढे पाठ केले, तो माझ्याच विद्यापीठाचा, माझ्याच शाखेचा माजी विद्यार्थी! माझा सीनिअर. अण्णांना फोन केला. त्यांचं बोलणं तोवर पुष्कळ सुधारलं होतं, तरी अडखळायचं. ते म्हणाले, ‘भाडं... कमी करतो का विचार.’

पण मंडईच्या दगडांवर आज नाव रे साहेबांचं नाही. आचार्य अत्रे नगरपालिकेत होते तेव्हा त्यांनी ते बदलून महात्मा फुले मंडई केलं. घोले रोडवरचं लॉर्ड रे यांच्या नावाचं वस्तुसंग्रहालयही पुढे महात्मा फुले यांच्या नावाचं झालं. यातली गोम अशी, की जोतीराव फुले १८७६ ते १८८२ पुणे नगरपालिकेचे सदस्य होते, आणि ही मंडई बांधायला त्यांचा विरोध होता. त्यांचं म्हणणं होतं, एवढा पैसा इमारतीवर घालण्यापेक्षा गोरगरिबांच्या शिक्षणावर घाला. भाजी-फुलांच्या धंद्यातल्या घरातला माणूस हे म्हणत होता. भाजीवाल्यांना छप्पर नको असं त्याचं म्हणणं नव्हतं, हे आपण समजून घेतलं पाहिजे. १८८२ला हंटर आयोगापुढे त्यांनी लिहून दिलं की सरकारचा महसूल येतो शेतकऱ्याच्या घामातून, आणि त्यातून शिकतात वरच्या वर्गाची मुलं.

म्हणजे लायडनच्या लोकांना विचारलं होतं, कर की विद्यापीठ. पुण्याच्या नगरपालिकेला फुले विचारत होते, मंडई की शाळा. पुण्यानं मंडई बांधली आणि नंतर तिला त्यांचंच नाव दिलं. मंडई झाली नसती तर अण्णांचा गाळा नसता आणि मी इथे उभी नसते, त्यामुळे कुणाची बाजू घ्यावी हे मला आजवर ठरवता आलेलं नाही.

आता एक प्रसंग. कायद्याच्या शाखेत शिकलेला कुणीही तो सांगितल्याशिवाय राहणार नाही. मे १९४० मध्ये जर्मनीनं हॉलंड घेतलं. नोव्हेंबरमध्ये हुकूम आला, ज्यू प्राध्यापकांना कामावरून दूर करा. त्यात एदुआर्द मेयर्स होते, त्या देशातले दिवाणी कायद्याचे सगळ्यात मोठे जाणकार. शाखेचे प्रमुख होते रुडॉल्फ क्लेव्हरिंगा. मेयर्स यांचे विद्यार्थी. २६ नोव्हेंबरला सकाळी मेयर्स यांचा तास असायचा. त्या तासाला क्लेव्हरिंगा उभे राहिले. सभागृह भरलं, शेजारची खोली भरली. त्यांनी आधी बडतर्फीचं पत्र जसंच्या तसं वाचून दाखवलं. मग म्हणाले, माझ्या भावनांबद्दल मी बोलणार नाही. आणि मग त्यांनी फक्त मेयर्स यांच्याबद्दल सांगितलं. त्यांनी काय लिहिलं, काय शिकवलं, कायद्यात त्यांची भर काय. एवढंच. आवाज चढवला नाही, कुणाला शिवी दिली नाही. भाषण संपलं तेव्हा पोरं उठून राष्ट्रगीत म्हणू लागली. रात्रभर त्यांनी भाषणाच्या प्रती टाइप केल्या आणि देशभर पोचवल्या. संप झाला. दुसऱ्या दिवशी क्लेव्हरिंगांना अटक झाली. काय होणार हे त्यांना माहीत होतं, त्यांनी सामान बांधून ठेवलं होतं म्हणतात. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत ते तुरुंगात होते. विद्यापीठ जर्मनांनी बंद केलं. मेयर्स यांना छळछावणीत नेलं. ते वाचले, परत आले, आणि युद्धानंतर देशाची नवी दिवाणी संहिता लिहायचं काम त्यांच्याकडेच आलं.

‘स्वातंत्र्याचा गड’ असं त्या विद्यापीठाचं लॅटिन ब्रीद आहे. मी कोर्टात उभी राहते तेव्हा मला ब्रीदापेक्षा तो तास जास्त आठवतो. आपल्या इतिहासाच्या बाई वर्गात म्हणायच्या, ‘आरडाओरडा नको, मुद्दा सांग.’ बाई, तुम्ही तेच शिकवत होतात. आणि हेही सांगायला हवं, की हेच विद्यापीठ इंडोनेशियावर राज्य करायला जाणारे डच अधिकारीही घडवत होतं. गडाला स्वतःच्या घरातलं स्वातंत्र्य दिसलं, जावातल्या माणसाचं दिसायला वेळ लागला. तिथले प्राध्यापक हे आम्हाला वर्गात स्वतःहून सांगायचे, म्हणून मीही सांगते.

मुख्य इमारतीत जिन्यावर एक लहानशी खोली आहे. ‘घामाची खोली’ म्हणतात. परीक्षेला आत बोलावेपर्यंत विद्यार्थी तिथे घाम पुसत बसायचे. पदवी मिळाली की भिंतीवर सही करायची. अख्ख्या भिंती सह्यांनी भरल्यात. चर्चिल आणि नेल्सन मंडेला यांना विद्यापीठानं मानद पदवी दिली, त्यांच्या सह्या आहेत. तिथल्या राण्यांच्या आहेत. आम्हा एक वर्षाच्या पदवीवाल्यांनाही सही करू देतात. रे साहेबांची सही मी शोधली, सापडली नाही. मग एका कोपऱ्यात, खाली, देवनागरीत माझं नाव लिहिलं आणि त्याखाली ‘मंडई, पुणे’. फार ऐटीत बाहेर आले. फोटो काढला.

दादाचं नाव लिहायचं मला सुचलं नाही. ते विमानात सुचलं.

आता ती दुरुस्ती. दादाला १९९३च्या दहावीत ८४ टक्के होते. गणितात दीडशेपैकी १४३. गणिताचे सर इथे आहेत, ते सांगतील. त्याला इंजिनिअर व्हायचं होतं. जूनमध्ये निकाल लागला, जुलैत अण्णांना अर्धांगवायूचा झटका आला. ऑगस्टपासून दादा पहाटे चार वाजता गुलटेकडीला मार्केट यार्डात लिलावाला उभा राहायला लागला. सोळा वर्षांचा. हमालांशी हुज्जत, अडत्याची उधारी, सगळं. कॉलेजची फी भरली होती, ती परतही मागितली नाही. मला दोन वर्षांनी ७७ टक्के पडले आणि घरात पेढे वाटले.

लायडनकडून मला फीमध्ये थोडी सवलत मिळाली होती. शिष्यवृत्ती नव्हती. एका बँकेनं कर्ज नाकारलं, कारण तारण काय? गाळा महापालिकेचा, आपण भाडेकरू. दादानं तेव्हा टेम्पो घ्यायचं ठरवलं होतं. अकरा वर्षं साठवलेले पैसे होते, बयाणा दिला होता. मंचर, नारायणगावकडून शेतकऱ्यांकडून थेट माल आणायचा, आडत वाचवायची, असा त्याचा हिशोब होता. कागदावर मांडलेला, चक्क आलेख काढून. त्यानं बयाणा परत घेतला. उरलेले पतपेढीतून काढले. मला म्हणाला, ‘टेम्पो काय, पुढच्या वर्षी घेऊ.’ टेम्पो आला सहा वर्षांनी. तोवर तो रिक्षातून गोण्या आणत होता, आणि तोवर थेट माल आणणारे दुसरे चार जण झाले होते.

मी पैसे परत केले. त्यानं घेतले, मोजून घेतले, पावती मागितली नाही एवढंच. पण तुम्ही विचारलंत तेव्हा मी ‘स्कॉलरशिप’ म्हटलं, कारण ‘भावाच्या टेम्पोच्या पैशांवर’ असं म्हटलं की पुढचा प्रश्न येतो, मग तो का नाही शिकला? मला तो प्रश्न नको होता. हेरिंग आणि पाव आणणाऱ्याचे पैसे कुणी दिले, हे त्यानं फोनवर विचारलं तेव्हा त्याला बोटवाल्याचं काहीच पडलेलं नव्हतं, हे मला बऱ्याच वर्षांनी कळलं. किंवा कदाचित तो खरंच बोटवाल्याबद्दलच विचारत असेल. दादाचं सांगता येत नाही.

तेव्हा संपादक मंडळाला विनंती, की या स्मरणिकेत माझ्या नावापुढचा ‘शिष्यवृत्तीवर’ हा शब्द काढा. त्या जागी दादाचं नाव आणि ‘१९९३ची तुकडी’ एवढं छापा. मी त्याला विचारलंय. तो म्हणाला, छापा, पण फोटो नको.

तो आज इथे नाही. आयोजकांनी त्याला आग्रहानं बोलावलं होतं. पण आज रविवार, आणि रविवारी सकाळी गाळा सोडता येत नाही. पाच मिनिटांच्या अंतरावर आहे. सरांनी घंटा उचलली आहे, मला दिसतंय, संपवतेच. दादानं निरोप दिलाय, कार्यक्रम झाला की सगळ्यांनी गाळ्यावर चहाला यायचं, गणिताच्या सरांनी तर नक्की. आणि येताना आपापल्या पिशव्या आणायच्या. तो प्लॅस्टिकच्या देत नाही.